जोड औषधे : केव्हा आणि कशासाठी

(ज्ञातिमंडळाच्या आजरा येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आरोग्याविषयी एक व्याख्यान असावे अशी कार्यकारी मंडळाची इच्छा होती आणि ते काम आमच्या वाट्यास आले. आम्ही डॉक्टर नव्हे. औषधाच्या दुकानात ज्यांचे आयुष्य सरले अशांपैकी आम्ही आहोत. चिठ्ठी वाचावी, औषध काढून द्यावे, ते कसे घ्यावयाचे हे समजावून सांगावे, एवढाच आमचा अधिकार. परंतु डॉक्टरांपुढे ज्या गोष्टी रोगी बोलत नाही त्या तो दुकानाच्या गल्ल्यापुढे सहज बोलून जातो, आणि अशा ऐकलेल्या गोष्टींची आमच्यापाशी बरीच पुंजी साठली आहे. तिच्या बळावरच आज आपणांपुढे उभे राहण्याचे धाडस करीत आहोत. विषय रुक्ष आहे. त्यातून घनसाळाचा भात पोटभर जेवल्यावर जंतूंची कथा ऐकावयाची म्हणजे श्रोत्यांवर थोडा अन्यायच आहे; तो आपण सहन करावा.

आपल्या भाषेत 'जोडगोळी' हा शब्द दोन जिवलग सोबत्यांसाठी योजतात. आम्ही आज बोलणार आहोत ते खऱ्याखुऱ्या जोडगोळीविषयी, म्हणजे एकाच गोळीत अथवा एकाच वेळी दिलेल्या दोन किंवा अधिक प्रतिजैविकांविषयी. जंतूंना मारणारे अथवा त्यांची वाढ थोपविणारे जे औषध, ते प्रतिजैविक. लोकांची समजूत अशी की एका औषधाने गुण येतो, तर दोहोंनी दुप्पट येईल. गल्ल्यापुढे उभा राहून मनुष्य म्हणतो, "ते साधे नको, दोन औषधांचे एकत्र आहे ना, ते द्या." किमतीत दोन-चार रुपयांचेच अंतर असते, त्यामुळे हिशोबही त्याला पटतो. वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण नियम मात्र याच्या उलट आहे. जंतू ओळखू आला असेल आणि एक औषध त्यास पुरे पडत असेल, तर एकच द्यावे. दुसऱ्या औषधाबरोबर त्याचे दुष्परिणामही घरात येतात, आणि शरीरातील जे जंतू निरुपद्रवी अथवा उपकारक आहेत त्यांचाही विनाकारण संहार होतो. त्यातून जे वाचतात ते औषधाला सरावलेले असतात. या नियमाला अपवाद आहेत, आणि ते फार महत्त्वाचे आहेत. काही रोगांत तर एकटे औषध देणे हाच अपराध ठरतो.

प्रथम सर्वांच्या परिचयाची गोळी घेऊ. औषधाचे नाव कोणी सांगत नाही. '६२५ द्या' एवढेच म्हणतात. हा आकडा म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची बेरीज होय. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन १९२८ साली दिसले, पण ते रोग्यास देण्याजोगे करण्याचे श्रेय ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांचे. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. गमतीची गोष्ट अशी की पेनिसिलिन रोग्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, १९४० साली, एब्रहॅम आणि चेन यांनी लिहून ठेवले होते की काही जंतू पेनिसिलिनचे तुकडे करणारे एक विकर स्वतःच तयार करतात. शत्रूने तलवार उपसण्याआधीच ढाल तयार ठेवावी तसा हा प्रकार. पुढे अशा ढालवाल्या जंतूंची संख्या वाढत गेली.

क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे काम ही ढाल गुंतवून ठेवण्याचे. त्याच्या अंगी जंतू मारण्याची शक्ती फारशी नाही. ते त्या विकराला जाऊन चिकटते, त्यास निकामी करते, आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी होते. ही जोडी १९८१ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आली. ती उत्तम आहे यात शंका नाही. मात्र ढालच नसलेल्या शत्रूपुढे तिचे प्रयोजन काय? घसा बसतो, गिळताना दुखतो, ताप येतो, अशा वेळी बहुतेकदा कारण विषाणूचे असते आणि विषाणूवर कोणतेच प्रतिजैविक चालत नाही. जंतूमुळेच घसा आलेला असेल तर तो बहुधा स्ट्रेप्टोकॉकस या जातीचा असतो, आणि घशातील हा स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिन फोडणारे विकर तयार करीत नाही. त्यास साधे पेनिसिलिन अथवा साधे अमॉक्सिसिलिन पुरते. कुत्रा किंवा मांजर चावल्याची जखम, दाताच्या मुळाशी झालेले काही गळू, कानाची आणि सायनसची काही दुखणी, येथे ढालवाले जंतू असण्याचा संभव अधिक. तेथे डॉक्टर ६२५ लिहून देतात ते योग्यच आहे. (कुत्रा चावला असता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि रेबीजची लस ही दोन्ही कामे गोळीच्या आधीची, हे जाता जाता सांगून ठेवतो.) या गोळीने पुष्कळांस जुलाब होतात, म्हणून ती जेवणाच्या आरंभी घ्यावी. क्वचित कोणास कावीळही होते. सर्दीसाठी पाकिटातून कात्रीने कापून घेतलेल्या चार गोळ्यांनी सर्दी आपल्या गतीनेच जाते; मागे राहतात ते औषध ओळखू लागलेले जंतू.

दोन औषधे एकमेकांस साह्यकारी होतात याचे दुसरे साधे उदाहरण म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल. आमच्या वयाच्या मंडळींना ते 'सेप्ट्रान' या नावाने आठवेल. ट्रायमेथोप्रिम एक भाग आणि सल्फामेथॉक्साझोल पाच भाग असे हे मिश्रण १९६८ साली बाजारात आले. जंतूला आपल्या वाढीसाठी फॉलिक आम्ल लागते आणि ते तो पायरीपायरीने तयार करतो. एक औषध एक पायरी काढून घेते, दुसरे तिच्या पुढची. ज्यांस सल्फाचे वावडे आहे त्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

दोन औषधे एकमेकांच्या मुळावर येतात हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. अमेरिकेतील लेपर आणि डाउलिंग या दोघा डॉक्टरांनी १९५१ साली मेंदूच्या आवरणाच्या एका जीवघेण्या दाहाचे अनुभव प्रसिद्ध केले. रोग न्यूमोकॉकस या जंतूचा. ज्यांस नुसते पेनिसिलिन दिले त्यांच्यापैकी शेकडा २१ दगावले. ज्यांस पेनिसिलिनबरोबर टेट्रासायक्लिनच्या घराण्यातील ऑरिओमायसिनही दिले त्यांच्यापैकी शेकडा ७९ दगावले. औषध अधिक, आणि मरणही अधिक. याचे कारण समजावयास अवघड नाही. पेनिसिलिन वार करते तो जंतू आपली भिंत बांधीत असतानाच. ऑरिओमायसिन त्याची वाढच थांबविते. गवंड्याने काम बंद करून ओट्यावर बसावे, आणि कच्ची भिंत पाडावयास आलेल्याला पाडण्यासारखी भिंतच सापडू नये, तशी ही स्थिती होते. 'दोन दिली तर बिघडले काय' असे जो म्हणतो त्याला आम्ही हे दोन आकडे सांगतो.

आता बाजाराकडे वळू. आपल्या देशात तयार मिश्रणांचे पीक जेवढे फोफावले तेवढे क्वचितच अन्य देशांत आढळेल. टेट्रासायक्लिनमध्ये 'क' जीवनसत्त्व मिसळून विकण्याची एक काळी चाल होती. ती आणि तशीच इतर काही मिश्रणे केंद्र सरकारने १९८३ साली बंद केली. पुढे १० मार्च २०१६ रोजी नाना प्रकारच्या ३४४ मिश्रणांवर एकदम बंदी आली. प्रकरण न्यायालयांत फिरले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांपैकी ३२८ मिश्रणांवरची बंदी नव्याने जाहीर झाली. त्यांत प्रतिजैविकेच होती असे नाही. वेदनाशामके, खोकल्याची औषधे, मधुमेहाच्या गोळ्या, सर्व काही होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रतिजैविकांच्या शंभराहून अधिक जोड्यांची एक यादी केली असून त्या वापरू नयेत असा सल्ला दिला आहे. अँपिसिलिन-क्लॉक्सासिलिन ही आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोहोचलेली जोडी तीत आहे.

हगवण लागली की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल मागण्याची रीत तर आता घरोघरी झाली आहे. एक औषध जंतूंवर, दुसरे अमीबा आणि जिआर्डिया यांच्यावर. रोग कोणता हे न पाहता अंधारात दोन दिशांस बार टाकावयाचे, त्यांतला एखादा लागेलच, असा यामागचा विचार. अनेकदा दोन्ही फुकट जातात, कारण साध्या जुलाबांना बहुधा प्रतिजैविक लागतच नाही. लागते ती जलसंजीवनी, आणि ती घोट घोट पाजण्याची चिकाटी. पोरक्या बाटलीत ती पडून राहते आणि गोळी मात्र पोटात जाते, हे आम्ही किती वेळा पाहिले असेल त्याची गणती नाही.

आमच्या धंद्यावर सरकारची नजर नाही असे कोणी समजू नये. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' नावाचे परिशिष्ट अमलात आले. क्षयाची औषधे आणि काही तीव्र प्रतिजैविके त्यात घातली आहेत. ती चिठ्ठीवाचून देता येत नाहीत. दिली तर कोणी लिहिली, कोणास दिली, किती दिली याची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणून ओळखीच्या दुकानदाराने "चिठ्ठी आणा" म्हटले तर तो माजला, नाते विसरला, असे मानू नये. आम्हांस या एका वाक्यापायी लग्नकार्यांत रुसवे सोसावे लागले आहेत.

मग दोन औषधे खरोखर केव्हा लागतात? रोगी अत्यवस्थ आहे, रक्तात विष भिनले आहे आणि जंतू कोणता हे कळण्यास दोन-तीन दिवस लागणार आहेत, अशा वेळी डॉक्टर दोन किंवा तीन औषधांनी आरंभ करतात. तपासणीचा निकाल आला की त्यांतली अनावश्यक ती बंद करतात. अपेंडिक्स फुटले तर पोटात एकाच नव्हे, अनेक जातींचे जंतू पसरतात. एका औषधाने ते सर्व आवरत नाहीत. हृदयाच्या झडपेवर एंटेरोकॉकस जातीचा जंतू बसला असेल तर पेनिसिलिनच्या जातीचे औषध त्याच्या भिंतीस भगदाड पाडते आणि त्या भगदाडातून जेंटामायसिन आत शिरते. एकट्याने दोघांपैकी कोणाचेच पुरते चालत नाही. ही सर्व कामे रुग्णालयाची आहेत, तेथेच राहू द्यावीत.

गवतकापणी आणि भातशेती करणाऱ्यांनी एक नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे : स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत वावरणाऱ्या एका अतिसूक्ष्म किड्याच्या अळीच्या दंशाने हा ताप येतो. दंशाच्या जागी कित्येकदा विस्तवाने पोळल्यासारखी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत लपलेली असते, म्हणून तपासताना अंग नीट पाहावे लागते. विदर्भात २०१८ साली या तापाने बरीच चिंता निर्माण केली होती. साध्या तापास डॉक्सिसायक्लिन एकटे पुरते. रोग बळावला असेल तर काय करावे यावर भारतातीलच सात रुग्णालयांत जवळजवळ आठशे रोग्यांवर प्रयोग झाला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेवाटे दिली तेव्हा मृत्यू, न हटणारा ताप अथवा न मिटणारी गुंतागुंत यांपैकी काहीतरी शेकडा ३३ जणांत आढळले. कोणतेही एकच औषध दिले तेव्हा हे प्रमाण शेकडा ४७-४८ होते. मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही, तरी दुखणे लवकर आटोक्यात आले. जोड औषध केव्हा द्यावे हे असे मोजून ठरवावयाचे असते. आमच्या मते या प्रयोगाचे मोल त्याच्या निकालाइतकेच त्याच्या रीतीत आहे.

आपल्यांत ज्यांच्या दावणीस गाई-म्हशी आहेत त्यांच्यासाठी आणखी एक. ब्रुसेला नावाचा जंतू जनावरांत गर्भपात घडवितो. गाभडलेल्या जनावराचा वार उघड्या हातांनी काढणे आणि न तापविलेले दूध पिणे या दोन वाटांनी तो माणसात येतो. धारोष्ण दुधाचे गोडवे आपल्या वाडवडिलांनी गायिले, त्यांस या जंतूची वार्ता नव्हती. ताप चढतो, उतरतो, घाम येतो, कंबर व सांधे धरतात. विषमज्वर म्हणून उपचार होतात आणि ताप पुन्हा उलटतो. या रोगात डॉक्सिसायक्लिनबरोबर रिफॅम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन द्यावे लागते आणि गोळ्या सहा आठवडे चालतात, कारण हा जंतू आपल्याच पेशींत दडून बसतो. एकच औषध, किंवा थोडेच दिवस औषध, म्हणजे रोग परतून आलाच. कालवडीस चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचतात. २०१९ सालापासून केंद्र सरकारच्या योजनेत ती अंतर्भूत आहे. दूध मात्र उकळूनच प्यावे.

आता ज्या रोगासाठी आम्ही हा विषय निवडला त्याकडे येतो. तो म्हणजे क्षय.

या भागातील माणसे पोटासाठी मुंबईस गेली, गिरण्यांत राबली, एका खोलीत दहा-दहा जण राहिली, आणि त्यांपैकी कित्येक जण खोकला घेऊन गावी परतली. ही हकीकत आपणांस नवी नाही. त्या काळी मिरजेजवळ वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय हा शेवटचा आधार वाटे. मोकळी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती एवढाच उपाय होता. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत शॅट्झ आणि वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली लागला. ब्रिटनमध्ये १०७ रोग्यांवर त्याची कसोटी घेण्यात आली आणि १९४८ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत, औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ मृत्यू पावले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. जगास वाटले, क्षय जिंकला. परंतु काही महिन्यांतच बहुतेकांच्या थुंकीतील जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले, आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतील अंतर जवळजवळ मिटून गेले होते.

असे का व्हावे? यातच साऱ्या जोड औषधांचे मर्म आहे, म्हणून थोडा हिशोब मांडतो. फुप्फुसात क्षयाने एक पोकळी पडली तर तीत सुमारे दहा कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू दहा लाखांत एखादा जन्मजातच असतो. औषध त्यास तसा बनवीत नाही, तो आधीच तसा असतो. म्हणजे दहा कोटींत असे शंभर झाले. एकटे आयसोनियाझिड दिले की उरलेले सर्व मरतात, रोग्यास बरे वाटते, खोकला थांबतो, वजन वाढते. आणि रिकाम्या झालेल्या घरात ते शंभर आपला वंश वाढवितात. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू दहा कोटींत एखादाच. आता दोन्ही औषधे एकदम दिली तर दोहोंतून निसटणारा जंतू किती विरळा? एकावर चौदा शून्ये मांडावीत, तेवढ्यांत एक. एवढे जंतू कोणाच्याही शरीरात नसतात. पहिल्यातून सुटलेल्या शंभरांना दुसरे गाठते, दुसऱ्यातून सुटलेल्याला पहिले. येथे दुसरे औषध गुण वाढविण्यासाठी घातलेले नाही. ते पहिल्याचा पहारेकरी आहे, आणि पहिले दुसऱ्याचा.

स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पॅस हे औषध जोडल्यावर जंतूंचा हट्टीपणा फार कमी होतो असे १९५० साली दिसून आले. आयसोनियाझिड १९५२ साली हाती आले. त्यानंतरचे मोठे पाऊल आपल्याच देशात पडले. मद्रासला १९५६ साली क्षयोपचाराचे एक संशोधनकेंद्र स्थापन झाले. गरीब वस्तीतील रोग्यांपैकी निम्म्यांस रुग्णालयात ठेवून आणि निम्म्यांस घरीच ठेवून आयसोनियाझिड व पॅस ही जोडी वर्षभर देण्यात आली. दाटीची घरे, निकस अन्न, तरीही घरचे रोगी रुग्णालयातील रोग्यांइतकेच बरे झाले आणि घरच्या माणसांना लागण अधिक झाली असेही आढळले नाही. १९५९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर जगभर क्षयाच्या आरोग्यधामांची गरज ओसरत गेली. ज्या आजोळी-पणजोळी 'वेगळी खोली, वेगळे भांडे' म्हणून माणूस ओसरीवर एकटा झिजला, तेथे हा निकाल दहा वर्षे आधी पोहोचता तर काय झाले असते, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

आज उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल ही चार. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. सरकारी उपचारात पूर्वी औषध एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा देत असत. २०१७ सालापासून ते रोज देतात, आणि सर्व औषधे एकाच गोळीत घातलेली असतात. वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते. या एकत्र गोळीचा मोठा लाभ हा की रोग्याला निवड करता येत नाही. पूर्वी चार वेगळ्या गोळ्या असत, तेव्हा ज्या गोळीने मळमळे ती तुळशीच्या कुंडीत जाई आणि एक-दोनच पोटात जात. लघवी लालसर-केशरी होते ती रिफॅम्पिसिनमुळे, रक्तामुळे नव्हे. भूक अगदी जाणे, डोळे पिवळे होणे, नजर मंद होणे अथवा रंग नीट न ओळखता येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आपल्या मनाने बंद करू नये. स्त्रियांनी हेही ध्यानात ठेवावे की रिफॅम्पिसिन चालू असता संततिनियमनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही.

औषध लिहिणारेही नेहमी शुद्धीवर असतात असे नाही. मुंबईत डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने खाजगी डॉक्टरांकडे क्षयाच्या उपचाराची चौकशी केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभराच्या आसपास डॉक्टरांनी मिळून ऐंशी निरनिराळ्या पद्धती सांगितल्या! जोड कशाशी कशाची घालावयाची, किती दिवस, याचा असा खेळखंडोबा झाल्यावर त्याच मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांच्याकडे २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रोगी निघाले, यात नवल ते काय? महारोगाचेही तसेच झाले होते. एकट्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवली. १९६४ साली डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांची जोड सुचविली, आणि जो रोग जन्माचा सोबती मानला जाई तो सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला.

आता जे सांगणार आहोत ते या मंडळातच सांगण्याजोगे आहे. आपल्या मंडळाकडे विवाहेच्छूंची नोंदवही असते. काही वर्षांपूर्वी पंचक्रोशीतल्या एका मुलीस क्षय झाला. औषध सुरू झाले, दोन महिन्यांत ती टवटवीत झाली. तिसऱ्या महिन्यात स्थळ चालून आले. सासरी गोळ्यांचे पाकीट दिसले तर काय, या धास्तीने घरच्या मंडळींनी गोळ्या बंद केल्या आणि लग्न उरकले. गोळ्या बंद केल्याचे आम्हांस कोणी सांगितले नाही. औषध सरकारी दवाखान्यातून मिळे. दीड वर्षाने तिचा भाऊ जी चिठ्ठी घेऊन आला तीत रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या क्षयाची औषधे होती. त्या काळी तो उपचार दोन वर्षांचा होता आणि इंजेक्शनेही घ्यावी लागत. ती जगली, परंतु एका कानाने तिला ऐकू येत नाही, आणि तिच्या लहान मुलासही पुढे उपचार घ्यावे लागले. सासरच्यांनी तिला टाकले नाही. इतकी वर्षे ज्या भीतीने सारे लपविले ती भीतीच मुळी अनाठायी निघाली. आज अशा हट्टी क्षयास बेडाक्विलिनसह चार औषधांची नवी जोड सहा महिने देतात आणि तिला आपल्या सरकारने २०२४ साली मान्यता दिली आहे; इंजेक्शनांचा जाच त्यात नाही. तरीही पहिल्या सहा महिन्यांच्या साध्या गोळ्यांची सर तिला येत नाही.

योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रोग्यापासून इतरांस होणारी लागण फार कमी होते, आणि सहा महिने पुरे करणारा बहुधा पूर्ण बरा होतो. तो विवाहास, संसारास, नोकरीस सर्वथा योग्य असतो. लपविले जाते ते याच अज्ञानामुळे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत; त्या लेखी स्वरूपात चिटणीसांकडे दिल्याही आहेत. पहिली अशी की, वधूवर नोंदणीच्या अर्जाबरोबर एक छापील पत्रक द्यावे आणि उपचार चालू असता विवाह ठरल्यास तारीख उपचार संपल्यानंतरची धरावी अशी विनंती त्यात करावी. मंडळाने त्याबाबत कोणाचीही माहिती मागू नये आणि लिहूनही ठेवू नये. दुसरी सूचना पैशाची आहे. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देते. पण वाड्यावस्त्यांवरून आजऱ्यास अथवा गडहिंग्लजला तपासणीसाठी यावयाचे तर एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि एस. टी.चे भाडे वेगळे. कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात जावे लागले तर सोबतीलाही कोणी लागते. शिष्यवृत्ती-निधीच्या व्याजातून दरसाल काही रक्कम या प्रवासखर्चासाठी बाजूस काढावी, ती मागणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये, आणि तिची पहिली भर म्हणून आमची वर्गणी आज कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे.